हायब्रिड मोटारीतील साहाय्यक बॅटरी

हायब्रिड मोटारीतील साहाय्यक बॅटरी ही पेट्रोल आणि वीज या दोहोंवर चालणाऱ्या मोटारीतील १२ व्होल्टची लहान बॅटरी होय. मोटारीची चाके फिरवणारी वीज ती पुरवत नाही. ते काम शंभर व्होल्टहून अधिक दाबाच्या मुख्य बॅटरीचे असते. दारांची कुलपे, दिवे, भोंगा, नियंत्रक संगणक आणि मुख्य बॅटरीला उर्वरित यंत्रणेशी जोडणारे रिले यांना साहाय्यक बॅटरी वीज देते. त्यामुळे ती उतरली, तर मुख्य बॅटरी भरलेली आणि टाकीत पेट्रोल असूनही मोटार सुरू होत नाही. तिची नियमित मोजणी करणे आणि ती उतरल्यास बाहेरून वीज देऊन मोटार सुरू करणे, म्हणजेच 'जंप स्टार्ट' करणे, या दोन गोष्टी अशा मोटारीच्या मालकास माहीत असणे आवश्यक ठरते. मोटार आठवडेच्या आठवडे एका जागी उभी राहत असेल, तर ही गरज अधिकच वाढते. सिंधुदुर्ग जिल्ह्यातील मालवण, वेंगुर्ला, देवगड या किनारी तालुक्यांत अशा मोटारी पुष्कळ आढळतात.

पार्श्वभूमी

शिसे व गंधकाम्ल यांवर चालणारी, पुन्हा भरता येणारी बॅटरी फ्रेंच शास्त्रज्ञ गास्तों प्लांते यांनी १८५९ मध्ये तयार केली. मोटारी आल्यानंतरही कित्येक वर्षे इंजिन सुरू करण्यासाठी समोरून लोखंडी दांडा घालून फिरवावा लागे. 'हँडल मारणे' हा मराठीतील शब्दप्रयोग त्या काळाची आठवण आहे. १९१२ मध्ये कॅडिलॅक मोटारींत चार्ल्स केटरिंग यांनी विकसित केलेला विजेवरचा स्टार्टर आला आणि बॅटरी मोटारीचा अविभाज्य भाग बनली. या स्टार्टरलाच आपल्याकडे 'सेल्फ' म्हणतात.

डिसेंबर १९९७ मध्ये जपानमध्ये विक्रीस आलेली टोयोटा प्रियस ही मोठ्या प्रमाणावर निर्माण झालेली पहिली हायब्रिड मोटार. तिच्या रचनेत वेगळा सेल्फ नव्हता आणि पट्ट्यावर फिरणारा आल्टरनेटरही नव्हता. ही दोन्ही कामे मुख्य बॅटरीवर चालणाऱ्या विद्युत यंत्रांकडे सोपवली गेली. भारतात २००८ मध्ये होंडा सिव्हिक हायब्रिड आणि २०१० मध्ये प्रियस आयात होऊन आली, परंतु किमतीमुळे त्या मोजक्याच लोकांपर्यंत पोहोचल्या. २०२२ मध्ये होंडा सिटी, टोयोटा हायरायडर, मारुती ग्रँड व्हिटारा आणि इनोव्हा हायक्रॉस यांच्या हायब्रिड आवृत्त्या आल्यानंतर ही मोटार मध्यमवर्गीयांच्या अंगणात दिसू लागली. हायरायडर व ग्रँड व्हिटारा या दोन्ही मोटारी बंगळूरजवळील बिडदी येथील टोयोटा किर्लोस्कर कारखान्यात तयार होतात. या नावातील किर्लोस्कर म्हणजे १९१० मध्ये लक्ष्मणराव किर्लोस्करांनी सांगली जिल्ह्यातील किर्लोस्करवाडीत उभ्या केलेल्या उद्योगाचा वारसा.

या लेखातील विवेचन प्रामुख्याने अशा पूर्ण, म्हणजे बाजारात 'स्ट्राँग' म्हणून ओळखल्या जाणाऱ्या हायब्रिड मोटारींस लागू आहे. 'माइल्ड' हायब्रिड मोटारींची विद्युतरचना बऱ्याच अंशी साध्या मोटारीसारखी असते.

कार्य

मोटार बंद असते तेव्हा मुख्य बॅटरी रिलेंद्वारे सर्व बाजूंनी तोडलेली असते. ही सुरक्षिततेची व्यवस्था आहे. दुसऱ्या पिढीच्या प्रियसमध्ये मुख्य बॅटरीचा दाब २०१.६ व्होल्ट, तर हायरायडरमध्ये १७७.६ व्होल्ट आहे. एवढा दाब उभ्या मोटारीत सर्वत्र खेळता ठेवणे धोक्याचे ठरेल. चालक ब्रेक दाबून सुरू करण्याचे बटण दाबतो, तेव्हा साहाय्यक बॅटरीच्या विजेवर संगणक जागे होतात, तपासणी करतात आणि रिले जोडतात. कान देऊन ऐकल्यास 'खट्' असा आवाज येतो. समोरच्या पटलावर 'रेडी' हा दिवा लागतो. त्या क्षणापासून डीसी-डीसी परिवर्तक नावाचे उपकरण मुख्य बॅटरीच्या उच्च दाबाच्या विजेचे सुमारे १४ व्होल्टच्या विजेत रूपांतर करून साहाय्यक बॅटरी भरू लागते.

थोडक्यात, साहाय्यक बॅटरी ही कोठाराची किल्ली आहे. कोठार धान्याने भरलेले असले तरी किल्ली हरवल्यावर घरचा माणूसही उपाशी राहतो. अपघातग्रस्त हायब्रिड मोटारीत बचावपथके १२ व्होल्टची तार तोडतात, त्याचे कारणही हेच: साहाय्यक वीज गेली की रिले उघडतात आणि उच्च दाब मुख्य बॅटरीपुरता कोंडला जातो.

या रचनेचा एक परिणाम फारसा लक्षात घेतला जात नाही. साध्या मोटारीची बॅटरी म्हातारी झाली की सेल्फ कण्हू लागतो, इंजिन दोन-तीन प्रयत्नांनंतर सुरू होते, आणि मालकास महिनाभर आधी इशारा मिळतो. हायब्रिड मोटारीत साहाय्यक बॅटरीला इंजिन फिरवावे लागतच नाही. संगणक जागे करण्यापुरता थोडासा प्रवाह तिने दिला की पुढचे सारे मुख्य बॅटरी सांभाळते. म्हणून जवळजवळ निकामी झालेली बॅटरीही रोज मुकाट्याने मोटार सुरू करून देते आणि एके दिवशी अचानक काहीच करत नाही. जी बॅटरी बोलत नाही, तिला मोजावेच लागते.

बॅटरी उतरण्याची कारणे

मोटार कुलूपबंद असली तरी चोर-गजर, घड्याळ, संगणकांची स्मृती आणि किल्लीची चाहूल घेणारी यंत्रणा ही थोडी वीज सतत खात असतात. हा प्रवाह सामान्यतः काही दशक मिलिअँपिअरचा असतो. तो ३० मिलिअँपिअर धरला, तर दिवसाला ०.७२ अँपिअर-तास वीज जाते. इंजिन फिरवावे लागत नसल्याने पुष्कळ हायब्रिड मोटारींत साहाय्यक बॅटरी लहानच दिलेली असते. ती ४० अँपिअर-तासांची आहे असे मानल्यास चार आठवड्यांत निम्मी रिकामी होते.

सिंधुदुर्गात हे गणित पंचांगाशी जोडून पाहावे लागते. मुंबई-पुण्याहून चाकरमानी गणपतीला गावी येतात, आणि काही कुटुंबे घरची एक मोटार गावीच ठेवून परततात. पाच दिवसांच्या गणपतीचे विसर्जन आणि दिवाळी यांत साधारण पन्नास दिवसांचे अंतर असते. पन्नास दिवसांत वरील हिशेबाने ३६ अँपिअर-तास गेले, म्हणजे बॅटरीत नावापुरतेच काही उरले. दिवाळीला आलेला मालक किल्लीचे बटण दाबतो आणि दारसुद्धा उघडत नाही. मे महिन्याच्या सुटीनंतर चतुर्थीपर्यंत ठेवलेल्या मोटारीची गत याहून वाईट. शिशाची बॅटरी दीर्घकाळ उतरलेल्या अवस्थेत राहिली, तर तिच्या पत्र्यांवर शिशाच्या सल्फेटचे कठीण स्फटिक बसतात आणि ती पुढे कितीही भरली तरी पूर्वीइतकी वीज साठवू शकत नाही.

उष्णतेचाही वाटा आहे. शिशाच्या बॅटरीची आपोआप उतरण्याची गती तापमान १० अंश सेल्सिअसने वाढले की साधारण दुप्पट होते. किनाऱ्यावर हिवाळा नावालाच असल्याने या गतीला वर्षभर फारसा आळा बसत नाही. वर्षाला सुमारे ३,००० मिलिमीटर पाऊस आणि खारा वारा यांमुळे बॅटरीच्या टर्मिनलांवर पांढरट-हिरवा थर चढतो. असा थर चढला की बॅटरी चांगली असूनही जोडणी सैल पडते. खाण्याच्या सोड्याच्या कोमट पाण्याने तो पुसून, कोरडे करून वर पेट्रोलियम जेली लावणे हा जुना उपाय आजही पुरेसा आहे.

याशिवाय दोन कारणे मनुष्यनिर्मित आहेत. एक, तारकर्ली किंवा देवबागला किनाऱ्यावर मोटार उभी करून, दारे उघडी ठेवून, 'रेडी' न करता केवळ संगीत चालू ठेवणे. अशा वेळी मुख्य बॅटरी तुटलेलीच असते आणि सारा भार लहान बॅटरीवर पडतो. मोटार 'रेडी' अवस्थेत ठेवली, तर हा प्रश्न उद्भवत नाही. दुसरे, स्मार्ट किल्ली मोटारीजवळ ठेवणे. पडवीतल्या खुंटीला किल्ली आणि पडवीबाहेर खळ्यात मोटार, ही कोकणातील सोयीची मांडणी येथे गैरसोयीची ठरते. किल्ली व मोटार एकमेकींना रात्रभर साद घालत राहतात आणि दोघींच्याही बॅटऱ्या झिजतात. किल्ली घरात काही मीटर आत ठेवावी.

मोजणी

साधा डिजिटल मल्टिमीटर या कामास पुरतो. शिशाच्या १२ व्होल्ट बॅटरीत सहा कोष असतात आणि पूर्ण भरलेल्या प्रत्येक कोषाचा दाब सुमारे २.१ व्होल्ट असतो. त्यामुळे विश्रांत अवस्थेतील पूर्ण भरलेली बॅटरी १२.६ ते १२.७ व्होल्ट दाखवते. शोषक काचतंतूंची, 'एजीएम' म्हणून ओळखली जाणारी बॅटरी किंचित अधिक, १२.८ पर्यंत. १२.४ म्हणजे सुमारे तीन चतुर्थांश, १२.२ म्हणजे निम्मी, १२.० म्हणजे जेमतेम पाव. ११.८ च्या खाली ती रिकामीच समजावी. या मापनात एका व्होल्टाच्या आत सारा संसार आहे, म्हणून दशांश स्थळ दाखवणारा मीटरच वापरावा.

मोजण्याची वेळ महत्त्वाची आहे. प्रवास संपल्यावर लगेच मोजल्यास पत्र्यांच्या पृष्ठभागावरील तात्पुरत्या भारामुळे आकडा फुगलेला दिसतो. मोटार काही तास, शक्यतो रात्रभर, बंद राहिल्यावर सकाळी मोजावे. उलट, दार किंवा डिकी उघडताच दिवे लागतात, संगणक जागे होतात आणि दाब काही काळ खाली येतो. बॅटरी डिकीत असेल तर डिकी उघडून, दिवे विझेपर्यंत थांबून मग मीटर लावावा. यानंतर मोटार 'रेडी' करून पुन्हा मोजावे. आता १३.८ ते १४.५ व्होल्टच्या दरम्यान आकडा आला, तर परिवर्तक आपले काम करीत आहे. 'रेडी' असूनही आकडा १२ च्या घरातच राहिला, तर बिघाड बॅटरीचा नसून परिवर्तकाचा किंवा मोठ्या फ्यूजचा असू शकतो, आणि नवी बॅटरी विकत घेऊन तो जाणार नाही. काही मोटारींत बॅटरी भरलेली असताना दाब हेतुतः कमी ठेवला जातो, हेही ध्यानात ठेवावे.

केवळ दाब पाहून बॅटरीचे वय कळत नाही. १२.६ दाखवणारी जुनी बॅटरी थोडा भार पडताच कोसळू शकते. बॅटरी विक्रेत्यांकडे असणारे वाहकतामापक उपकरण दोन मिनिटांत ही परीक्षा घेते; तीन वर्षांनंतर वर्षातून एकदा, शक्यतो पावसाळ्यापूर्वी, ती करून घेणे शहाणपणाचे.

बॅटरीवर कायम बसवून मोबाइलवर दाब दाखवणारी ब्लूटूथ उपकरणेही मिळतात. गावातील मोटारीसाठी त्यांचा उपयोग मर्यादित आहे, कारण ब्लूटूथची धाव काही मीटरची; मुंबईत बसलेल्या मालकास मालवणातील बॅटरीचा दाब त्यातून कळत नाही. मोटारीच्या निदान-खोबणीत लावायची उपकरणे तर कायम लावून ठेवूच नयेत. बॅटरीवर लक्ष ठेवण्यासाठी आणलेले यंत्रच ती उतरवू लागते.

जंप स्टार्ट

हायब्रिड मोटार धक्का मारून सुरू करता येत नाही. चार माणसे जमवून उतारावर गाडी ढकलणे आणि दुसऱ्या गिअरमध्ये क्लच सोडणे ही युक्ती येथे निरुपयोगी आहे, कारण क्लचचे पेडलच नसते आणि संगणक झोपलेले असताना इंजिनाला ठिणगी व पेट्रोल मिळत नाही. पुढची चाके जमिनीवर ठेवून दोराने ओढणे त्याहून हानिकारक. चाकांशी जोडलेले विद्युत यंत्र फिरू लागते. मोटार न्यायचीच असल्यास ती पूर्णपणे उचलून न्यावी.

पहिली अडचण दार उघडण्याची. स्मार्ट किल्लीच्या आत एक धातूची किल्ली दडवलेली असते; ती काढून चालकाकडील दार उघडावे व बोनेटचा खटका ओढावा. काही मोटारींत, उदाहरणार्थ दुसऱ्या पिढीच्या प्रियसमध्ये, साहाय्यक बॅटरी डिकीत आहे आणि डिकीचे कुलूप विजेवर चालते, म्हणजे बॅटरी उतरल्यावर बॅटरीपर्यंत पोहोचण्याचा मार्गच बंद. निर्मात्यांनी यासाठी बोनेटखालील फ्यूज पेटीत लाल झाकणाखाली धन टोक दिलेले असते. आपल्या मोटारीत हे टोक व बॅटरी नेमकी कोठे आहेत, हे मोटार सुरू असतानाच, पुस्तिका समोर ठेवून पाहून घ्यावे. अंधारात आणि पावसात शोधण्याची ही गोष्ट नव्हे. नारिंगी वेष्टनाच्या तारा उच्च दाबाच्या असतात; त्यांना कोणत्याही कारणाने हात लावू नये.

वीज देणारी बॅटरी १२ व्होल्टचीच असली पाहिजे. हा नियम वरवर साधा वाटतो, परंतु किनारपट्टीवर तो मोडण्याचे प्रसंग सहज येतात. रस्त्यावर अडलेल्या मोटारीच्या मदतीला सर्वप्रथम थांबतो तो जांभा दगड किंवा वाळू वाहणारा डंपर, नाहीतर एसटीची गाडी. या अवजड वाहनांची विद्युतयंत्रणा सामान्यतः २४ व्होल्टची असते. तिच्याशी जोडणी केल्यास मोटारीतील संगणक क्षणात जळू शकतात. मासेमारी नौकेवरील बॅटरी आणली, तर तीही १२ ची की जोडून २४ ची केलेली, हे विचारून आणि मोजूनच वापरावी. चालकाचा उपकार नम्रपणे नाकारणे येथे हिताचे.

जोडणीपूर्वी दोन्ही वाहने बंद, हायब्रिड मोटार 'पी'मध्ये, हातब्रेक लावलेला आणि दिवे, पंखा, संगीत बंद असावे. वाहने एकमेकांना चिकटू देऊ नयेत. प्रथम लाल तारेचा चिमटा उतरलेल्या मोटारीच्या धन टोकास, मग तिचे दुसरे टोक चांगल्या बॅटरीच्या धन टोकास. त्यानंतर काळी तार चांगल्या बॅटरीच्या ऋण टोकास, आणि शेवटी तिचे उरलेले टोक हायब्रिड मोटारीच्या न रंगवलेल्या, बॅटरीपासून दूर असलेल्या भक्कम धातूस. शेवटची जोडणी करताना बारीक ठिणगी उडतेच. शिशाच्या बॅटरीतून हायड्रोजन वायू बाहेर पडू शकतो, तो ठिणगीने पेट घेतो. म्हणून ती जागा बॅटरीपासून दूर ठेवायची.

आता मदतनीस वाहनाचे इंजिन सुरू करून सुमारे पाच मिनिटे किंचित वाढीव वेगाने चालू ठेवावे. मग हायब्रिड मोटारीत ब्रेक दाबून बटण दाबावे. 'रेडी' दिवा लागला की काम झाले. इंजिनाचा आवाज ऐकू येण्याची वाट पाहू नये, कारण ते लगेच सुरू होईलच असे नाही. मात्र नंतर ते कोणत्याही क्षणी आपोआप सुरू होते, तेव्हा बोनेटखाली हात, पदर किंवा उपरणे लोंबकळू देऊ नये. तारा जोडल्या त्याच्या नेमक्या उलट क्रमाने काढाव्यात.

सेल्फ नसल्याने येथे फार मोठा प्रवाह लागत नाही. खिशात मावणारा, लिथियम पेशींचा १२ व्होल्ट जंप स्टार्टर यासाठी पुरतो, आणि एकट्याने प्रवास करणाऱ्याने किंवा आंबोली, फोंडा, करूळ यांसारख्या घाटांतून रात्री जाणाऱ्याने तो जवळ बाळगावा असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे. मात्र तो उन्हात तापणाऱ्या मोटारीत महिनोन्महिने ठेवू नये आणि डिकीत तर नकोच, कारण डिकी न उघडण्याचा प्रसंगच सर्वांत आधी येतो.

टाळावयाच्या गोष्टी

धन व ऋण यांची अदलाबदल ही सर्वांत महागडी चूक. साध्या मोटारीत ती एखाद्या फ्यूजवर निभावते. हायब्रिड मोटारीत मोठा फ्यूज तर जळतोच, शिवाय परिवर्तकही निकामी होऊ शकतो. दोन तारा एकमेकींवर घासून ठिणगी पाहणे, किंवा मोटार चालू असताना बॅटरीचे टोक काढून 'डायनॅमो' तपासणे, या गॅरेजमधील जुन्या सवयी अनुभवी कारागिरांच्याही हातात मुरलेल्या असतात. या मोटारीजवळ त्या सोडाव्या लागतात. तसे आधीच सांगण्यात कारागिराचा अपमान नाही.

हायब्रिड मोटारीने दुसऱ्या वाहनास वीज द्यावी का, यावर निर्मात्यांचे धोरण एकसारखे नाही. काही पुस्तिका त्यास स्पष्ट मनाई करतात. तत्त्व असे की डिझेल इंजिनाचा सेल्फ फिरताना शेकडो अँपिअर प्रवाह ओढतो, आणि लहान साहाय्यक बॅटरी व परिवर्तक त्यासाठी घडवलेले नसतात. शेजाऱ्याच्या बोलेरोसाठी आपली मोटार देऊ नये. देणे भागच पडल्यास पुस्तिकेची परवानगी आधी पाहावी.

सुरू झाल्यानंतर

पंधरा मिनिटांत बाजारात जाऊन येण्याने उतरलेली बॅटरी भरत नाही. पहिला भाग वेगाने भरतो, परंतु शेवटचा पाचवा हिस्सा काही तास घेतो. शक्य असल्यास त्याच रात्री घरगुती स्वयंचलित चार्जरवर, बॅटरीच्या प्रकारास अनुरूप आणि कमी प्रवाहाच्या स्थितीत, ती पूर्ण भरावी. चार्जर नसल्यास मोटार 'पी'मध्ये, 'रेडी' अवस्थेत तासभर तरी उभी ठेवावी. 'एन'मध्ये ठेवल्यास पुष्कळ हायब्रिड मोटारींत मुख्य बॅटरी भरली जात नाही. हे काम उघड्यावरच करावे. मांगरात किंवा बंद गॅरेजमध्ये इंजिन आपोआप सुरू झाल्यास कार्बन मोनॉक्साइड साचतो, आणि त्या वायूला वास नसतो.

गावी उभ्या मोटारीसाठी हाच उपाय आगाऊ योजता येतो. घर राखणाऱ्या व्यक्तीने आठवड्यातून एकदा तासभर ती 'रेडी' ठेवावी, किंवा त्याहून चांगले म्हणजे चालवून आणावी. केवळ बटण दाबून पटल लागल्याचे पाहणे आणि बंद करणे याने बॅटरी भरत नाही, उलट उतरते. निरोप देताना हा फरक नीट समजावून द्यावा. छपरावर ऊन पडत असेल, तर नियंत्रकासह छोटे सौर पॅनेल जोडण्याचा पर्याय आहे, मात्र आषाढ-श्रावणात त्यावर भिस्त ठेवता येत नाही.

बदल व विल्हेवाट

प्रवाशांच्या कक्षात किंवा डिकीत बसणारी साहाय्यक बॅटरी बंदिस्त, एजीएम प्रकारची असते आणि तिचा वायू बारीक नळीने बाहेर सोडलेला असतो. तिच्या जागी स्वस्त म्हणून साधी, पाणी घालायची बॅटरी बसवल्यास आम्लाची वाफ कक्षात पसरते. नळी पुन्हा जोडली गेली की नाही, हे मालकाने स्वतः पाहावे.

काही निर्मात्यांनी शिशाची बॅटरी वगळण्याचा मार्ग धरला आहे. ह्युंदाई आयोनिक हायब्रिडमध्ये १२ व्होल्टची साहाय्यक बॅटरीही लिथियमची असून ती फार उतरण्यापूर्वी आपोआप तोडली जाते, आणि चालकासमोरील एक बटण दाबताच उरलेल्या विजेवर मोटार पुन्हा सुरू करता येते.

भारतात जुन्या बॅटऱ्यांची विल्हेवाट २०२२ च्या बॅटरी कचरा व्यवस्थापन नियमांनुसार करावी लागते. जुनी बॅटरी नवी देणाऱ्या विक्रेत्याकडेच परत करावी. तिच्यातील शिशाचे मोल किमतीतून वजा करून मिळते. ती फोडून शिसे काढणाऱ्याच्या हाती दिल्यास आम्ल विहिरीच्या पाण्यात उतरते, आणि जांभ्याची सच्छिद्र जमीन ते अडवून धरत नाही.